डॉ. हेन्री केम्पे: मुलाच्या जखमांचे निदान आणि अपील न्यायालयात त्याची पारख

तुमचे दहा महिन्यांचे बाळ पलंगावरून पडले. हात सुजला म्हणून तुम्ही त्याला घेऊन धावत रुग्णालयात आलात. एक्स-रे काढला, आणि त्यानंतर डॉक्टर तेच तेच प्रश्न विचारू लागले. बाळ कधी पडले? किती उंचीवरून? त्या वेळी खोलीत कोण होते? यापूर्वी कधी लागले होते का? थोड्या वेळाने हेच प्रश्न बाळाच्या आजीला वेगळे बसवून विचारले. तुमच्या मनात येते, हे लोक आपल्यावर संशय घेत आहेत की काय?

तुम्हाला वाईट वाटणे साहजिक आहे. पण डॉक्टर हे प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, आणि ते का विचारतात हे समजून घ्यायचे असेल तर एका बालरोगतज्ज्ञाचे आयुष्य पाहावे लागेल. त्यांचे नाव डॉ. सी. हेन्री केम्पे. मुलांना घरातच मारहाण होते आणि ती ओळखणे हे डॉक्टरचे काम आहे, ही गोष्ट त्यांनी वैद्यकशास्त्राला मान्य करायला लावली. त्यांचे निदान पुढे न्यायालयात पुरावा म्हणून गेले. त्यावर लोकांना शिक्षा झाल्या आणि त्या शिक्षांविरुद्ध अपिले झाली. या निदानाने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे अपील न्यायालयांनी हळूहळू स्पष्ट केले. पालक म्हणून या दोन्ही बाजू तुम्हाला माहीत असायला हव्यात.

घर सोडावे लागलेला मुलगा

केम्पे यांचा जन्म 6 एप्रिल 1922 रोजी ब्रेस्लाऊ येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा जर्मनीत होते. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचे नाव व्रोत्स्वाफ आहे. हिटलरची सत्ता आल्यावर ज्यू कुटुंबांना जगणे अशक्य झाले. केम्पे किशोरवयातच देश सोडून बाहेर पडले आणि अखेर अमेरिकेत कॅलिफोर्नियाला पोहोचले. परका देश, परकी भाषा आणि हाताशी पैसा नाही, अशा परिस्थितीत त्यांनी शिक्षण पूर्ण केले. 1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथून ते डॉक्टर झाले.

पुढे त्यांनी अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय सेवेत विषाणूंवर काम केले आणि येल विद्यापीठात बालरोगशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. 1948 मध्ये त्यांचे लग्न डॉ. रूथ यांच्याशी झाले. रूथ याही डॉक्टर होत्या. पुढे त्या मानसोपचाराकडे वळल्या आणि केम्पे यांच्या कामात शेवटपर्यंत बरोबरीच्या सहकारी राहिल्या. या दांपत्याला पाच मुली झाल्या.

देवीची लस आणि मद्रास

केम्पे यांचे पहिले मोठे काम मुलांच्या मारहाणीवरचे नव्हते, देवीच्या रोगावरचे होते. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावर देवी काढल्याचा गोल व्रण तुम्ही पाहिला असेल. ती लस फार गुणकारी होती, पण काही मुलांना, विशेषतः इसब असलेल्या मुलांना, तिच्यामुळे गंभीर त्रास व्हायचा. काही मुले दगावतही असत. अशा मुलांसाठी केम्पे यांनी लस घेतलेल्या व्यक्तींच्या रक्तातून मिळणारी प्रतिकारद्रव्ये औषध म्हणून वापरली.

या कामासाठी त्यांचा भारताशी जवळचा संबंध आला. मद्रासमध्ये तेव्हा देवीच्या साथी येत असत. देवी झालेल्या रुग्णाच्या घरातील इतरांना लसीबरोबर ही प्रतिकारद्रव्ये दिली तर किती जण वाचतात, याचा अभ्यास केम्पे आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये केला. नुसती लस मिळालेल्यांपेक्षा दोन्ही मिळालेल्यांमध्ये देवीचे रुग्ण कमी निघाले. हा अभ्यास 1961 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

यानंतर केम्पे यांनी जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत 1949 नंतर देवीचा रुग्ण सापडला नव्हता, पण प्रत्येक मुलाला लस देणे चालूच होते. 1960 च्या दशकाच्या मध्यावर केम्पे यांनी जाहीरपणे सांगितले की, आता अमेरिकेत या रोगापेक्षा लसीमुळेच जास्त मुलांना इजा होत आहे, म्हणून सरसकट लसीकरण थांबवावे. लसीवर आयुष्य घालवलेला माणूस हे बोलतो म्हणून अनेकांना राग आला. पण त्यांचा मुद्दा आकड्यांवर उभा होता. 1972 पर्यंत अमेरिकेत देवीचे सरसकट लसीकरण थांबले.

भारतात त्या काळात देवीचा रोग जिवंत होता, त्यामुळे इथे लस चालू ठेवणेच बरोबर होते. म्हणजे एका ठिकाणी योग्य असलेला निर्णय परिस्थिती बदलल्यावर दुसऱ्या ठिकाणी चुकीचा ठरू शकतो. पुरावा बदलला की मतही बदलले पाहिजे, ही केम्पे यांची सवय पुढच्या गोष्टीतही उपयोगी पडणार आहे.

डेन्व्हरच्या वॉर्डातील न जुळणाऱ्या कहाण्या

1956 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, केम्पे डेन्व्हर येथे कोलोरॅडो विद्यापीठाच्या बालरोग विभागाचे प्रमुख झाले. रोजच्या राउंडला त्यांना काही विचित्र गोष्टी दिसू लागल्या. अंगावर जागोजागी काळेनिळे डाग असलेल्या मुलाच्या केसपेपरवर रक्ताच्या दुर्मीळ आजाराचे निदान लिहिलेले असे. हाडे मोडलेल्या बाळाला ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार असल्याचे लिहिले जाई. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेल्या बाळाबद्दल, ते आपोआप साचले, अशी नोंद असे.

तपासण्या केल्यावर यातील अनेक मुलांना ना रक्ताचा आजार निघे, ना हाडांचा. तरीही निवासी डॉक्टर मारहाणीची शक्यता कागदावर लिहायला तयार नसत. समोर उभे असलेले आईवडील नीटनेटके, काळजीत पडलेले दिसत. ते आपल्याच बाळाला मारतील, हे मनाला पटत नसे. शिवाय पोलीस, न्यायालय, साक्ष यांत अडकायला कोणाला हवे असते? आपल्याकडच्या कोणत्याही डॉक्टरला ही अडचण परकी वाटणार नाही.

हे पाहणारे केम्पे पहिले नव्हते. फ्रान्समधील न्यायवैद्यक तज्ज्ञ ऑग्यूस्त तार्दिअ यांनी 1860 मध्येच मारहाण झालेल्या 32 मुलांची नोंद प्रसिद्ध केली होती, पण तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. 1946 मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉन कॅफी यांनी सहा बाळांचे एक्स-रे मांडले. त्या बाळांच्या मेंदूच्या आवरणाखाली रक्त होते आणि हातापायांची हाडेही मोडलेली होती. हे कसे झाले याचे समाधानकारक कारण घरच्यांकडून मिळत नव्हते. कॅफी यांनी इजेची शंका व्यक्त केली, पण बोट कोणाकडेही दाखवले नाही.

केम्पे यांनी 1958 मध्ये आपल्या रुग्णालयात एक गट तयार केला. त्यात बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक होते. संशय आला की एकट्या डॉक्टरने निर्णय घ्यायचा नाही, सगळ्यांनी मिळून प्रकरण पाहायचे, अशी ही पद्धत होती. आजही अनेक देशांतील रुग्णालये याच पद्धतीने काम करतात.

1962 चा लेख

केम्पे यांनी देशभरातील रुग्णालयांना पत्रे पाठवून अशा मुलांची माहिती मागवली. 71 रुग्णालयांची उत्तरे आली. एका वर्षात त्यांनी अशी 302 मुले पाहिली होती. त्यांतील 33 मुले दगावली होती आणि 85 मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. 77 सरकारी वकिलांकडून 447 प्रकरणांची माहिती मिळाली. त्यांत 45 मृत्यू होते.

जुलै 1962 मध्ये केम्पे आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या सहकाऱ्यांमध्ये एक्स-रे तज्ज्ञ फ्रेडरिक सिल्व्हरमन आणि मानसोपचारतज्ज्ञ ब्रँट स्टील होते. या अवस्थेला त्यांनी जे नाव दिले त्याचा अर्थ, बेदम मारहाण झालेल्या मुलाचा लक्षणसमूह. नाव मुद्दाम धक्का देणारे निवडले होते, कारण सौम्य शब्दांकडे आजवर कोणी लक्ष दिले नव्हते.

या निदानाचा गाभा असा होता:

- मूल बहुधा तीन वर्षांपेक्षा लहान असते.
- एकापेक्षा जास्त हाडे मोडलेली असतात, आणि ती वेगवेगळ्या वेळी मोडलेली असतात. एक फ्रॅक्चर ताजे, दुसरे जुळत आलेले, तिसरे पूर्ण जुळलेले.
- मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव, अंगावर व्रण, वजन न वाढणे, अस्वच्छता यांपैकी काही आढळू शकते.
- सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरच्यांनी सांगितलेली हकीगत आणि दिसणारी इजा यांचा मेळ बसत नाही.

हा शेवटचा मुद्दा तुम्ही नीट समजून घ्या. चार महिन्यांचे बाळ स्वतः रांगत जाऊन जिन्यावरून पडू शकत नाही. त्याच्या बाबतीत अशी हकीगत सांगितली गेली, तर डॉक्टरला थांबून विचार करावाच लागतो. वर दिलेले प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याचे कारण हेच आहे. हकीगत आणि इजा जुळली तर पालकांवरचा संशय तिथेच दूर होतो. म्हणजे हे प्रश्न तुमच्या बाजूनेही काम करतात.

त्याच लेखात दुसरी बाजूही होती. स्कर्व्ही, जन्मजात सिफिलिस, ठिसूळ हाडांचा आजार अशा आजारांतही एक्स-रे फसवा दिसू शकतो, म्हणून ते आधी तपासून बाजूला काढावेत, असे त्यात मांडले होते. मारहाणीचे निदान करण्याआधी आजार नाही ना हे पाहणे ही पायरी पहिल्या दिवसापासून होती. पुढच्या काळात काही ठिकाणी नेमकी हीच पायरी घाईत चुकली.

दवाखान्यातून न्यायालयात

लेखाचा परिणाम वेगाने झाला. पाच-सहा वर्षांतच अमेरिकेतील राज्यांनी कायदे करून मुलाला मारहाण झाल्याचा संशय सरकारी यंत्रणेला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. कळवले की चौकशी, चौकशीतून खटले, आणि खटल्यात डॉक्टर साक्षीदार.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहिला. घरात बंद दाराआड घडलेल्या गोष्टीला साक्षीदार नसतो. बाळ बोलू शकत नाही. मग एखाद्या डॉक्टरने, हा मारहाण झालेल्या मुलाचा लक्षणसमूह आहे, एवढे सांगणे पुरावा म्हणून चालेल का? की हे म्हणजे आरोपीला आधीच गुन्हेगार ठरवणे झाले?

1971 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयापुढे असे प्रकरण आले. हे वैद्यकशास्त्रात मान्यता पावलेले निदान आहे आणि डॉक्टर ते न्यायालयात सांगू शकतात, असे न्यायालयाने ठरवले. त्यामागचा विचार सोपा होता. जखमा अनेक महिन्यांत टप्प्याटप्प्याने झालेल्या असतील, तर तो एकाच दिवशीचा अपघात नसतो. आणि इतके दिवस बाळाजवळ राहण्याची संधी बाळाची देखभाल करणाऱ्यालाच असते. पण देखभाल करणाऱ्यांपैकी नेमके कोण, हे निदान सांगत नाही. ते इतर पुराव्यावरूनच ठरवावे लागते.

वीस वर्षांनी, 1991 मध्ये, हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कॅलिफोर्नियात सहा महिन्यांच्या बाळाच्या मृत्यूबद्दल वडिलांना शिक्षा झाली होती. बाळाच्या अंगावर ताज्या जखमांशिवाय काही आठवड्यांपूर्वीचे, जुळत आलेले बरगड्यांचे फ्रॅक्चरही होते. जुन्या जखमा वडिलांनीच केल्या याचा पुरावा नाही, म्हणून त्या ज्यूरीला सांगायलाच नको होत्या, असे म्हणून खालच्या अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. जुन्या जखमा कोणी केल्या हे माहीत नसले तरी मृत्यू अपघाती नव्हता हे दाखवण्यासाठी त्या उपयोगी आहेत, असे न्यायालयाने ठरवले.

म्हणजे दोन प्रश्न वेगळे झाले. इजा अपघाती होती की केलेली, याबद्दल डॉक्टर बोलू शकतात. ती कोणी केली, हे न्यायालयाने बाकीच्या पुराव्यावरून ठरवायचे.

केम्पे यांना स्वतःला काय हवे होते

या सगळ्यात केम्पे यांचा मूळ उद्देश शिक्षा देणे हा नव्हता. त्यांना मूल सुरक्षित हवे होते आणि शक्य तिथे घरही सावरायला हवे होते. मारणाऱ्या आईवडिलांपैकी बरेच जण स्वतः लहानपणी मार खाल्लेले, एकटे पडलेले आणि मदत मागायची कोणाकडे हे न कळणारे असतात, असे त्यांच्या गटाला दिसले. त्यामुळे अशा पालकांकडे नियमित जाणाऱ्या, त्यांचे ऐकून घेणाऱ्या प्रशिक्षित स्वयंसेवकांची योजना त्यांनी राबवली. बाळंतपणानंतर प्रत्येक घरी आरोग्यसेविकेने जावे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे आशा ताई घरी येऊन बाळाचे वजन आणि आईची विचारपूस करतात. केम्पे यांच्या मनातील कल्पना याच धर्तीची होती.

1968 मध्ये त्यांनी डॉ. रे हेल्फर यांच्याबरोबर या विषयावरचा ग्रंथ संपादित केला. 1972 मध्ये डेन्व्हरला मुलांच्या छळाच्या प्रतिबंधासाठी आणि उपचारासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झाले. 1977 मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास त्यांनी मुलांच्या लैंगिक शोषणाकडे बालरोगतज्ज्ञांचे लक्ष वेधले. तेव्हा त्याबद्दल बोलायलाही लोक कचरत होते. स्वतः दिलेले ते धक्कादायक नाव आता अपुरे पडते, उपेक्षा आणि मानसिक छळही त्यात यायला हवा, असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी अधिक व्यापक शब्द वापरायला सुरुवात केली. मार्च 1984 मध्ये हवाई येथे वयाच्या 61 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

केम्पे यांच्यानंतर: विज्ञानाचीच फेरतपासणी

केम्पे यांचे मूळ निदान अनेक खुणांवर उभे होते. 1970 च्या दशकात आणखी एक कल्पना पुढे आली. लहान बाळाला जोरात हलवले, गदागदा झटकले, तर डोक्याला बाहेरून काही न लागताही मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. ब्रिटिश शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन गुथकेल्च यांनी 1971 मध्ये हे मांडले. ते खरे आहे आणि म्हणूनच बाळाला कधीही झटकू नये. पण पुढे काही खटल्यांत तीन खुणांवर सगळा भार टाकला गेला: मेंदूभोवती रक्तस्राव, डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव आणि मेंदूच्या कामात बिघाड. या तीन दिसल्या की बाळाला झटकलेच, आणि शेवटी जवळ असलेल्याने झटकले, असा सरळ हिशेब मांडला जाऊ लागला. हकीगत काय, इतर जखमा आहेत का, आजार तपासले का, हे प्रश्न मागे पडले. गुथकेल्च यांनी स्वतः उतारवयात याबद्दल चिंता व्यक्त केली.

अशा शिक्षांविरुद्धची अपिले कशी तपासली गेली, याची तीन उदाहरणे पाहा.

पहिले इंग्लंडमधील. एका आईला 1999 मध्ये आपल्या दोन बाळांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितले होते की, अशा घरात दोन बाळे आपोआप दगावण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक आहे. एकाच घरातील दोन मृत्यूंचे कारण एकच आनुवंशिक दोष असू शकतो, हे या गणितात धरलेच नव्हते. 2000 मधील पहिले अपील फेटाळले गेले. नंतर उघड झाले की एका बाळाच्या शरीरात जंतू सापडल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल बचाव पक्षाला कधी दिलाच नव्हता. जानेवारी 2003 मध्ये दुसऱ्या अपिलात शिक्षा रद्द झाली. तोपर्यंत त्या आईची तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेली होती.

दुसरे उदाहरण 2005 मधील, इंग्लंडच्याच अपील न्यायालयाचे. वर सांगितलेल्या तीन खुणांशी संबंधित चार अपिले एकत्र ऐकली गेली. दोन्ही बाजूंचे अनेक तज्ज्ञ आले. न्यायालयाने ते शास्त्र सरसकट खोटे ठरवले नाही आणि सरसकट मान्यही केले नाही. तीन खुणा हा महत्त्वाचा दुवा आहे, पण तेवढ्यावरून आपोआप निष्कर्ष काढता येत नाही. प्रत्येक प्रकरणाचे सगळे तपशील पाहावे लागतील, असे ठरले. निकालही तसाच लागला: दोन शिक्षा रद्द झाल्या, एकीत खुनाऐवजी कमी गंभीर गुन्हा ठरला आणि एक कायम राहिली.

तिसरे अमेरिकेतील. सात आठवड्यांच्या नातवाला झटकून मारल्याबद्दल एका आजीला 1997 मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले. एका अपील न्यायालयाला पुरावा अपुरा वाटला. पण 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन्ही बाजूंचे डॉक्टर ऐकून ज्यूरीने निर्णय दिला आहे, आणि अपील न्यायालयाने ज्यूरीच्या जागी स्वतःचे मत ठेवायचे नसते. तीन न्यायमूर्तींनी असहमती दाखवली. दरम्यान शास्त्र बदलले आहे याकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढच्या वर्षी राज्यपालांनी तिची शिक्षा कमी केली.

या तिन्हींवरून अपील न्यायालय काय पाहते ते कळते. ते सहसा खटला पहिल्यापासून चालवत नाही. तज्ज्ञाला जे बोलू दिले ते त्याच्या ज्ञानाच्या कक्षेत होते का? महत्त्वाचा अहवाल दडवला गेला का? न्यायाधीशांनी कायदा नीट समजावला का? असलेल्या पुराव्यावर दोषी ठरवणे कोणत्याही समंजस माणसाला शक्य होते का? आणि निकालानंतर असे काही नवे कळले आहे का, जे आधी कळले असते तर निकाल बदलला असता? नवे मत मिळाले एवढ्याने शिक्षा रद्द होत नाही. जुने मत डळमळल्यावर बाकी पुरावा उरतो का, हे पाहिले जाते.

आपल्याकडे काय होते

भारतात ज्यूरी नाही. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि तिथे न्यायमूर्ती सगळा पुरावा नव्याने वाचून तोलू शकतात. डॉक्टरची साक्ष हे तज्ज्ञाचे मत असते. ते न्यायालयावर बंधनकारक नसते. त्यामागची कारणे, नोंदी आणि तपासण्या किती भक्कम आहेत यावर त्याचे वजन ठरते.

अपिलात पुराव्याइतकाच कायद्याचा अर्थही तपासला जातो. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सो कायद्यातील लैंगिक अत्याचारात बसत नाही, असे ठरवले. मुलीसोबत काय घडले यावर अविश्वास नव्हता. प्रश्न कायद्याच्या अर्थाचा होता. नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा, कपडे मध्ये होते की नव्हते हे नाही, असे स्पष्ट झाले.

2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने, डॉक्टरनेही, ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संशयास्पद इजेची रुग्णालयात एमएलसी म्हणून नोंद होते. एमएलसी म्हणजे आरोप नव्हे. ती कायदेशीर नोंद आहे, आणि पुढे कधी प्रश्न उठला तर तीच तुमच्या सांगण्याचा आधारही ठरू शकते.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

- बाळाला लागले तर उशीर न करता दाखवा. जे घडले तेच सांगा. एखादी गोष्ट पाहिली नसेल तर पाहिली नाही असे सांगा. अंदाज जोडू नका.
- घरात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास, वारंवार हाडे मोडण्याचा आजार असेल, बाळाला मुडदूस असेल किंवा जन्मानंतर व्हिटॅमिन के चे इंजेक्शन दिले नसेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.
- आपल्याकडे अनेक बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतः निळसर डाग असतात. ते माराचे वळ नव्हेत. जन्माच्या वेळी त्यांची नोंद करून घ्या.
- केसपेपर, एक्स-रे, रक्ताचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.
- बाळ रडायचे थांबत नाही आणि तुमचा संयम सुटतो आहे असे वाटले, तर त्याला सुरक्षित जागी पाठीवर झोपवा, काही मिनिटे खोलीबाहेर जा आणि कोणाला तरी मदतीला बोलवा. त्याला झटकू नका.
- शेजारच्या किंवा नात्यातल्या मुलाबद्दल शंका असेल तर 1098 या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवा. गुन्हा सिद्ध करणे हे तुमचे काम नाही.

केम्पे यांच्या आधी डॉक्टर गप्प राहिले आणि मुले मार खात राहिली. त्यांच्यानंतर काही डॉक्टर घाईने बोलले आणि काही पालकांना विनाकारण तुरुंगात जावे लागले. दोन्ही चुका टाळण्याचा मार्ग त्यांच्याच कामात होता: इजा नीट पाहणे, आजार आधी तपासणे, एकट्याने निर्णय न घेणे, आणि पुरावा बदलला तर मत बदलणे. पुढच्या वेळी कोणी डॉक्टर तुम्हाला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतील तेव्हा शांतपणे उत्तर द्या, आणि ते उत्तर केसपेपरवर लिहिले गेले आहे ना, तेही पाहा.